तुम्ही विचारलंत म्हणून: "तुमच्याकडं सगळे असंच बोलतात का?"

पुण्यात गाव करमाळा तालुक्यात म्हणून सांगितलं की हा प्रश्न येतोच. समोरच्याचा चेहरा एकदम खुलतो, "अरे म्हणजे सैराटवालं! म्हण ना काहीतरी तसलं."

तर हो, बोलतात. आल्तो, गेल्तो, हितं, लय, आणि दोस्ताला लका. पण २०११ला मी नोकरीला आलो तेव्हा मीटिंगमध्ये "हितं जरा प्रॉब्लेम हाय" असं तोंडातनं निसटलं आणि समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले, बोलले काहीच नाहीत, नुसतं हसले. त्यानंतर कितीतरी महिने आईचा फोन आला की मी डेस्कवरनं उठून जिन्यात जायचो. दादा कोंडके सोडले तर पडद्यावर तरी आमची भाषा कुणाच्या तोंडी असायची? गडी, हवालदार, नायतर वाड्यावरचा पाटील.

मग एप्रिल २०१६ मध्ये सैराट आला. नागराज मंजुळे आमच्याच तालुक्यातल्या जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. झिंगाटला लोक खुर्च्या सोडून नाचले ते ठीकच, पण मला आठवतंय ते वेगळंच, आर्ची नुसती खेकसली तरी आख्खं थेटर हसत होतं आणि ते हसणं त्या मीटिंगमधलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईशी डेस्कवरनंच बोललो, मोठ्यानं.

त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली आणि जो तो 'चालतंय की' म्हणायला लागला. ती कोल्हापूरची, आम्ही सोलापूरचे, पण पुण्यातल्या लोकांना सगळं एकाच पोत्यातलं. माझा कोल्हापूरचा रूममेट तर पार वैतागलेला, त्याला लोक लका म्हणायला लावायचे, तो म्हणायचा "आरं आमच्यात म्हणत न्हाईत!"

एक गोष्ट मात्र खटकते. झिंगाट आता प्रत्येक वरातीत वाजतं, आमची बोली पण फेमस झाली, पण पिक्चरच्या शेवटी त्या दोघांचं काय होतं आणि कशापायी होतं हे कुणी काढत नाही. तुमच्याकडं असंच बोलतात का हे शंभर जणांनी विचारलं असेल, तुमच्याकडं जातीपायी असंच मारतात का हे एकानंही नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यायला मलाच जड गेलं असतं म्हणा.

आणि गावाकडची गंमत ऐका. भाची आठ वर्षांची, कायम मोबाइल हातात, बोलते एकदम "मला ना ते आवडत नाहीये". आई म्हणते, "ही बघ, पुण्याला न जाताच पुण्याची झाली." परवा गेल्तो तेव्हा मीच तिच्या मागं लागलो, म्हण की गं एकदा, लका म्हण.

तर म्हणाली, "मामा, ते रीलवाले बोलतात तसं?"