अर्जात सातवी नाहीच

मुलगी सातवीत असताना ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टॅलेंट सर्चमधून, म्हणजे ड्यूक टिपमधून, सॅट ही अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा देऊन आली. चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपवर पोसलेल्या आमच्या पिढीला त्याचं केवढं अप्रूप! बारा वर्षांचं पोर अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये बसून पेपर देतं काय आणि मेडल घेऊन येतं काय. कॉलेजचं निम्मं काम झालं, असं मी तेव्हाच धरून चाललो.

हा हिशेब 2022 च्या ऑक्टोबरात, ती बारावीत कॉलेजचे अर्ज भरत असताना, चुकला.

निबंध, शिफारसपत्रं, फी हे सगळं सुरळीत पार पडलं. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, 'ऑनर्स' म्हणून मानसन्मानांचा एक भाग असतो. पाच ओळी, प्रत्येकीत 100 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. पहिल्याच ओळीत मी मेडल घालायला लावलं. अक्षरं झाली 118. एक शब्द उडवला, दुसरा छाटला, कशीबशी 97 वर आणली. खाली चौकटी होत्या: कितवीत मिळालं? नववी, दहावी, अकरावी, बारावी, त्यापुढे.

"बाबा, इथे सातवी नाहीच आहे."

"खाली बघ."

"खाली काही नाहीये. संपलं."

मी माऊस काढून घेतला. पान पुन्हा उघडलं, मग दुसऱ्या ब्राउझरमधून उघडलं. सातवी काही उगवेना. 'नववीवर टिक कर' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, पण तिने असं काही पाहिलं की मी ते गिळलं. (कुणाला हा मोह झालाच तर आवरा. अर्जाच्या शेवटी माहिती खरी असल्याची सही मुलांना करावी लागते.)

मग शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे अर्जांबद्दल सल्ला देणाऱ्या बाईंना, मेल. उलट उत्तर आपोआप आलेलं: खूप मेल येत आहेत, धीर धरा. पाच दिवसांनी पुन्हा मेल, पुन्हा तेच उत्तर. ऑफिसात फोन केला तर पुढची वेळ दोन आठवड्यांनी. आणि आमची पहिली मुदत 1 नोव्हेंबर! ते दोन आठवडे मी घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नसेल. अखेर पंधरा मिनिटांची भेट मिळाली. त्यातली दहा मिनिटं बाई दुसऱ्याच कुणाच्या तरी ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेतल्या विषय-गुणांच्या नोंदीवर, बोलत होत्या. मग एक वाक्य: "हायस्कूलच्या आधीचं नको." एवढ्यासाठी दोन आठवडे!

निघताना मात्र त्यांनी विचारलं, "आठवीत जॉमेट्री कशी काय मिळाली हिला?" सातवीच्या त्याच सॅटमुळे, मी म्हटलं. शाळा आधी वर्ग बदलून गणिताचा वरचा वर्ग द्यायला तयार नव्हती, गुण दाखवल्यावर तयार झाली. म्हणूनच अकरावीत कॅल्क्युलस बीसी हे कॉलेजच्या तोडीचं गणित झालं आणि बारावीत कम्युनिटी कॉलेजमध्ये पुढचं गणित. "हे सगळं ट्रान्स्क्रिप्टवर आहेच की," बाई म्हणाल्या.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: नववीच्या आत दिलेल्या सॅटचे गुण कॉलेज बोर्ड, म्हणजे ती परीक्षा घेणारी संस्था, त्या शालेय वर्षाच्या अखेरीस रेकॉर्डवरून काढून टाकतं, ठेवा म्हणून आपण कळवलं नाही तर. वर्ग बदलून घ्यायचा असेल तर गुणपत्रकाचा प्रिंट लगेच काढून ठेवा. ड्यूक टिप तर बंदच झालं. जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचं सीटीवाय, तसलंच टॅलेंट सर्च, चालू आहे, पण तेही याच कामासाठी बघा, अर्जासाठी नाही.

मी तरीही हरलो नव्हतो. अर्जातल्या 'ॲडिशनल इन्फर्मेशन' या जादा माहितीच्या जागेला तेव्हा 650 शब्द होते. तिथे मेडलवर एक परिच्छेद लिहून ठेवला. सकाळी पाहिलं तर पुसलेला.

"बाबा, हे वाचून त्यांना वाटेल, सातवीनंतर मी काहीच केलं नाही."

मेडलच्या जागी पहिल्या ओळीत नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्कॉलरशिप स्पर्धेतलं 'कमेंडेड', म्हणजे प्रशस्ती, गेलं. अकरावीतल्या पीएसॅटवरचं, म्हणजे सॅटआधीच्या सराव परीक्षेवरचं ते, म्हणजे त्याला चौकट होती. त्यावरच्या पायरीची, सेमीफायनलिस्टची, आमच्या राज्याची गुणांची रेषा थोडक्यात हुकली होती. पाचवी ओळ रिकामीच राहिली. मी दोनदा विचारलं, ती दोनदा नाही म्हणाली, आणि 31 ऑक्टोबरच्या रात्री तिने सबमिट दाबलं.