उदबत्तीचा कल

भर दुपारी मी पेटलेली उदबत्ती घेऊन बाथरूममध्ये उभी होते, तेव्हा आई दारात आली. "अगं, देव तिकडे आहेत," ती म्हणाली आणि वामकुक्षीला निघून गेली.

बेडरूमच्या खिडकीत टेबलफॅन ठेवला होता, तोंड बाहेर करून. त्याच्या चारी बाजूंनी पुठ्ठा, पुठ्ठ्याला खाकी चिकटपट्टी. बाकीच्या खिडक्या बंद, छताचे पंखे बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू. गॅस गिझर मात्र आधी बंद केलेला. घरातली हवा अशी बाहेर ओढत असताना गिझरचा धूर उलटा आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पंखा हवा बाहेर फेकतो, घरातला दाब किंचित उतरतो, मग बाहेरची हवा सापडेल त्या फटीतून आत घुसते. उदबत्तीचा धूर सरळ वर जायचं सोडून जिथे आडवा पडतो, तिथे फट.

निमित्त एसीचं. २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतात, पण आमच्या बेडरूममध्ये ते २४ यायला अर्धी रात्र उलटते. मेकॅनिकने काही दोष नाही म्हणून सांगितलं, जाताना एवढंच पुटपुटला की गारवा कुठून तरी जातोय. कुठून तरी! हे दोन शब्द माझ्यासारख्या माणसाला पुरतात. रात्री वाऱ्यावर खिडकी शीळ घालायला लागली की मी उठून, कागदाची घडी घालून, ती नेमक्या जागी खुपसल्याशिवाय झोपू शकत नाही. घरातले याला वेड म्हणतात. म्हणोत.

थंड देशांत हे काम यंत्रं लावून करतात. स्वीडनमध्ये सत्तरच्या दशकात खिडकीत पंखा बसवून सुरुवात झाली, पुढे अमेरिकेत पंखा दारात आला. आत-बाहेर पन्नास पास्कलचा फरक ठेवतात आणि किती हवा गळते ते मोजतात. पन्नास पास्कल म्हणजे पाच मिलिमीटर पाण्याचा दाब, बशीत सांडलेल्या चहाइतका. जर्मनीतल्या पॅसिव्ह हाउसवाल्यांचा, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारी घरं बांधणाऱ्यांचा, दंडक असा, की एवढ्या दाबाला घरातली हवा तासाला ०.६ पटीहून जास्त बदलता कामा नये. आमच्या टेबलफॅनला हे पन्नास पास्कल सात जन्मात जमणार नाहीत. त्याच्याकडून आकडा मिळत नाही, कल कळतो. मला तेवढाच हवा होता.

सरकत्या खिडकीच्या दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे धूर चांगलाच हलला. खालच्या पट्टीतल्या भोकांतूनही हवा येत होती, पण ती भोकं पावसाचं पाणी बाहेर जायला असतात. ती बुजवली तर जुलैत खिडकीचं पाणी गादीवर. स्विचबोर्डातून वारा येतो हे मला माहीत नव्हतं. भिंतीतल्या पाइपांतून तो कुठून कुठे फिरून येतो देव जाणे. एसीच्या नळीभोवती भरलेलं पांढरं सिमेंट कधीच गळून पडलं होतं आणि पडदा ते झाकून बसला होता. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये जाळीखाली वास अडवायला साठलेलं पाणी आटलेलं, तिथून हवेबरोबर वासही. तांब्याभर पाणी ओतलं, प्रश्न मिटला. सगळ्यांत जोरकस प्रवाह निघाला तो मुख्य दाराखालून. उदबत्ती तिथे नेली तर धूर थेट माझ्या तोंडावर, आणि धुरामागून लसणाची फोडणी. समोरच्यांकडे आज जेवायला उशीर झालेला दिसतो.

फ्लॅटमध्ये हे असंच असणार. बंगल्यात बाहेरची हवा आत येते. आमच्याकडे आधी समोरच्यांची येते, जिन्याची येते, डक्टातून खालच्यांची येते. ऐरोलीच्या खाडीचा वारा म्हणून जाहिरातीत जो विकला होता, तो रांगेत बराच मागे.

संध्याकाळी आईला चहा देताना सगळं सांगितलं. दाराला खालून ब्रशची पट्टी लावायची, नळीभोवती सिलिकॉन भरायचं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या बाबांनी पण बुजवल्या होत्या फटी. त्या डिसेंबरात."

कुठला डिसेंबर, हे आमच्या घरात विचारावं लागत नाही. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात होते आणि आम्ही वाशीला, सिडकोच्या तळमजल्यावर. भोपाळच्या कारखान्यातून विषारी गॅस सुटल्याची बातमी आली तेव्हा मी चौथीत होते. तोवर कारखान्यांचा वास म्हणजे आमच्यासाठी संध्याकाळ होण्याचा भाग होता. कधी कोबी सडल्यासारखा, कधी नुसता गोडसर. दिवसा खाडीकडून वारा असायचा, रात्री तो फिरायचा आणि पारसिकच्या डोंगराकडून, म्हणजे कारखान्यांवरून, आमच्याकडे यायचा. थंडीत तर हवा वर जायचीच नाही, जमिनीलगत बसून राहायची. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्येही अशीच थंडी होती.

बाबा त्या आठवड्यात फार बोलले नाहीत. कामावरून आले की हातपाय धुवायचे आणि जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन बसायचे. पण ते घर म्हणजे सगळी भोकंच होती. खिडकीवर सिमेंटची जाळी, खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या, त्यातली एखादी कायम फुटलेली, मोरीला झरोका, झरोक्यात चिमण्यांचं घरटं. हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम बांधलेलं घर ते. त्यांनी जाळीला वर्तमानपत्र खळीने चिकटवलं, मोरीच्या झरोक्यापाशी गेले, घरट्याकडे बघून परत आले. दाराशी भरलेली बादली आणि जाड टॉवेल ठेवायचा नियम झाला. टॉवेल ओला करून दाराखाली लावायचा, रुमाल ओला करून नाकावर धरायचा.

मग बहुधा त्यांच्याच लक्षात आलं की हे घर बंद होणारं नाही. एका रविवारी त्यांनी मला आणि दादाला मैदानात नेलं. कुणाच्या तरी दोरीवर कपडे वाळत होते. "साडी कुठे उडतेय बघ. वारा तिकडे चाललाय. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वास तुमच्या आधी पोचेल. आडवं पळायचं." आम्ही आडवे पळून दाखवलं. दादा पहिला आला. मजा वाटली होती.

पळून जायचं कुठे, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. वाशीला रेल्वे १९९२ ला आली. त्याआधी खाडीवरचा पूल, नाहीतर ठाणे-बेलापूर रस्ता. आणि तो रस्ता कारखान्यांच्या फाटकांसमोरूनच जातो. आता त्यातल्या बऱ्याच फाटकांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांची एकही खिडकी उघडत नाही. काही कारखाने अजून आहेत. कधी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, "वास येतोय का कुणाला?" आणि खालून वर खिडक्या सरकवल्याचे आवाज येतात.

आईने कप खाली ठेवला. "चिंध्या वगैरे तुमच्या समाधानासाठी," ती म्हणाली. "खरं म्हणजे आपण वर जाणार होतो. दुसऱ्या मजल्यावर. तुझे बाबा सांगायचे, तो गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. वरच्यांशी बोलणं झालं होतं. रात्री कितीही वाजता या, कडी लावत नाही म्हणाले."

"खरंच नव्हते लावत?"

"पुढची दोन-तीन वर्षं तरी नाही. मग चोऱ्या सुरू झाल्या."

मला यातलं काही माहीत नव्हतं. ब्रशची पट्टी मी मागवली आहे. ती लावल्यावर बेडरूम लवकर गार होईल आणि फोडणीचा वास बंद होईल, इतपत खात्री आहे. समोरच्यांचं आडनाव दारावर लिहिलेलं आहे म्हणून माहीत आहे. त्यांच्याशी आमचं असं काही ठरलेलं नाही.