कोलोनची पद्धत, कोल्हापूरची वही

आमच्या पेठेतल्या वाचनालयाची सभासद-नोंदवही संगणकावर आणण्याचे काम गेल्या वर्षी मी हौसेने अंगावर घेतले आणि त्यापायी उतारवयात मला वेबिनारचा नाद लागला. घरातली मंडळी जेवणे उरकून टीव्हीसमोर बसत, तेव्हा मी कानात हेडफोन अडकवून, युरोपातल्या कोणा अनोळखी बाईंच्या पडद्यावर फिरणाऱ्या बाणाकडे टक लावून बसलेला असे. त्यांच्याकडे दुपारचे चार वाजलेले असत, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. ‘माझा आवाज सर्वांना येतो आहे का?’ या प्रश्नाने आरंभ होई आणि येतो म्हणणाऱ्यांच्या उत्तरांतच पहिली पाच मिनिटे सरत.

शिकायचे साधन होते ओपनरिफाइन. विस्कटलेल्या याद्या नीटनेटक्या करणारी ही मुक्तस्रोत प्रणाली 2010 साली फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने जन्मली. ती बनवणारी कंपनी त्याच वर्षी गूगलने घेतल्यावर तिचे नाव गूगल रिफाइन झाले, आणि 2012 मध्ये गूगलने हात काढून घेतल्यावर वापरणाऱ्यांनीच तिला आजचे नाव देऊन सांभाळले. ती ब्राउझरमध्ये उघडते, पण चालते आपल्याच संगणकावर, त्यामुळे सभासदांचे पत्ते कुठे बाहेर जात नाहीत. वाचनालयाच्या कार्यकारिणीला मात्र या सगळ्यापेक्षा ‘मोफत’ हा एकच शब्द पटला.

नोंदवहीत सुमारे चार हजार नोंदी होत्या आणि त्या निदान सात-आठ हस्ताक्षरांतून उतरलेल्या होत्या. कोणी ‘शिवाजी पेठ’ लिहिले होते, कोणी दोन्ही शब्द जोडून ‘शिवाजीपेठ’, कोणी ‘पेठ शिवाजी’. बाईंनी दाखवलेली पहिली पद्धत विरामचिन्हे काढून टाकते, शब्द सुटे करते, ते वर्णानुक्रमे लावते आणि मग ताडून पाहते. त्यामुळे उलटसुलट लिहिलेली पेठ तिने तत्काळ ओळखली. जोडून लिहिलेली पेठ दुसऱ्या पद्धतीने सापडली, कारण ती शब्दांमधली मोकळी जागाच पुसून टाकते. ‘शाहूपुरी’ आणि ‘शाहुपुरी’ मात्र कितीतरी वेळ एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्यासाठी दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजणारी पद्धत निवडावी लागली, आणि तिच्यातलाही एक आकडा खाली आणल्यावरच ऱ्हस्व-दीर्घाचे हे जुने भांडण मिटले.

उच्चारावरून शब्द जुळवण्याच्याही पद्धती त्या यादीत आहेत. एक इंग्रजी उच्चारांसाठी आहे, आणि एक जर्मन उच्चारांसाठी, जिला कोलोन शहराचे नाव आहे. ती 1969 साली प्रसिद्ध झाली. ते नाव प्रथम पडद्यावर दिसले तेव्हा क्षणभर मला ‘कोल्हापूर’ असेच वाचल्याचा भास झाला होता. आमच्या वहीला या पद्धतींचा काही उपयोग झाला नाही, हे सांगायला नकोच.

चार सत्रांपैकी तीन मी एकही मिनिट न चुकवता पाहिली. तिसऱ्या सत्राच्या शेवटी प्रणालीने सुचवलेल्या सगळ्या जोड्यांवर बाईंनी एका टिचकीत खूण केली, त्या एकत्र केल्या, आणि बघता बघता शेकडो नावांची यादी आक्रसली. मला ते फारच सोपे वाटले. खासबागेत कट्ट्यावर बसून कुस्ती बघणाऱ्यालाही प्रत्येक डाव येत असतो, हे मला तेव्हा आठवायला हवे होते. चौथे सत्र तर हुकलेच. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास पुढे जातात, याची मला दाद नव्हती. नेहमीप्रमाणे साडेआठला जाऊन बसलो, तेव्हा सगळे एकमेकांचे आभार मानत होते. रेकॉर्डिंगचा दुवा आला, आणि असे सगळेच दुवे जिथे जातात तिथे, ‘सवडीने पाहू’ या खात्यात, तो जाऊन पडला.

मग मी नावांच्या रकान्यावरही तीच टिचकी मारली. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. समजा, आजोबा केशव गणपत असतील, तर मुलगा गणपत केशव, आणि नातू पुन्हा केशव गणपत. आडनाव एक, पत्ता एक, आणि तिघेही एकाच वाचनालयाचे सभासद. शब्द वर्णानुक्रमे लावणाऱ्या पद्धतीच्या दृष्टीने हे तीन पिढ्यांचे घर म्हणजे एकच माणूस, आणि एकत्र करताना ती जे रूप जास्त वेळा आले असेल ते सर्वांना सुचवते. त्यामुळे मधल्या मुलाचे नाव गेले आणि त्याला वडिलांचे नाव मिळाले. वास्तविक ती प्रत्येक जोडीपुढे रिकामी चौकट ठेवून विचारत असते. मी विचारू दिले नव्हते.

हे लक्षात आले ते वाचनालयातल्या शिपाईमामांमुळे. छापलेली यादी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, बोट ठेवत वाचली आणि एका ओळीवर ते थांबले. “साहेब, हे तीन माणसं एकाच नावाची कशी काय झाली?”

त्या रात्री चौथ्या सत्राचे रेकॉर्डिंग अखेर उघडले. ते नेमके केलेले मागे घेण्याविषयी होते: केलेली प्रत्येक पायरी डाव्या बाजूच्या यादीत टिकून असते, संगणक बंद करून पुन्हा उघडला तरी, आणि हव्या त्या पायरीवर टिचकी मारली की तिच्यापुढचे सगळे नाहीसे होते. मी मागे गेलो, पेठा तेवढ्या जुळलेल्या ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी नावांच्या संशयित जोड्या कागदावर काढून मामांपुढे ठेवल्या. तीन दुपारी आम्ही त्यावर बसलो. मामा एकेका नावापुढे पेन्सिलने ‘म्हातारा’, ‘पोरगा’, ‘नातू’ असे लिहीत गेले, आणि एका म्हाताऱ्यापाशी पेन्सिल उचलून म्हणाले, “हे वारले. त्यांची अनामत तेवढी आपल्याकडंच राहिलीया बघा.”