पाणी दिसणारे घर

बँकेच्या गृहकर्ज विभागात मी एकोणीस वर्षे काम केले. इतरांची खरेदीखते, सातबारे, फेरफार आणि मंजूर नकाशे वाचण्यात इतकी वर्षे गेल्यावर स्वतःचे घर घेताना आपली फसगत होणार नाही, असा माझा समज होता. तो समज एका सकाळी, सोलापूरच्या धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूला उभ्या राहत असलेल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, जवळजवळ कोसळला.

जानेवारीचा महिना होता आणि गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती. सदनिका दाखवणाऱ्या तरुणाने बैठकीच्या खोलीचा सरकता काचेचा दरवाजा उघडला आणि एक शब्दही न बोलता तो बाजूला झाला. समोर तलाव पसरला होता, वारकरी पक्ष्यांचा थवा पाण्यावर काळ्या मण्यांसारखा विखुरला होता आणि गार वारा थेट खोलीत येत होता. शुक्रवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या खिडकीतून गेली तीस वर्षे मला समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसत आली होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मनातल्या मनात टोकनची रक्कम ठरवूनही टाकली.

सोबत आलेल्या सासूबाई मात्र स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्यांनी सिंकचा नळ सोडून पाहिला, त्याला अर्थातच पाणी नव्हते. आयुष्याची बरीच वर्षे पहाटे तीनला उठून नळाखाली भांडी लावण्यात घालवलेल्या त्या बाईंनी त्या तरुणाला विचारले, "बाळ, इथे नळ कधी येतो?" त्याला ते ठाऊक नव्हते. "काकू, इथे चोवीस तास पाणी असेल," एवढेच तो म्हणाला. सोलापुरात हे वाक्य उच्चारणारा माणूस एकतर या गावात नवा असतो किंवा काहीतरी विकत असतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी हा विरोधाभास थोडा उलगडून सांगते. सोलापुराला तलावांची उणीव कधीच नव्हती. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदून घेतलेला तलाव आजही मंदिराला आणि भुईकोट किल्ल्याला लागून आहे, शहराच्या उत्तरेला आदिला नदी अडवून १८७१ मध्ये पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे, आणि विजापूर रस्त्यावर जुने लोक ज्याला अजून कंबर तलाव म्हणतात तो संभाजी तलाव आहे. तरीही आमच्या पिण्याचे पाणी मुख्यतः भीमेचे आहे. काही पाणी उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने येते आणि काही नदीपात्रात सोडून टाकळीच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते. एवढा प्रवास करून आलेले हे पाणी शहराच्या बहुतेक भागांना वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड मिळत आले आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आले आणि तळ्याकाठच्या नव्या राहणीची भाषा जाहिरातींत रुळली. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची वाट पाहणे मात्र चालूच राहिले.

तलाव दिसणाऱ्या या सदनिकेच्या आधी आम्ही हिप्परग्याच्या बाजूला, तुळजापूर रस्त्याकडे, एक प्लॉटही पाहिला होता. तो विषय फार लांबला नाही. सातबाऱ्यावर सहा जणांची नावे होती, बिनशेतीचा आदेश नव्हता, आणि प्लॉट ज्या ओढ्याच्या काठी होता त्यात तलावाच्या सांडव्याचे पाणी येत होते. नदीच्या निळ्या पूररेषेचा अर्थ सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषेचा अर्थ १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, हे मी कर्जदारांना अनेकदा समजावून सांगितले आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये ते अटींवर होते. दुष्काळी जिल्हा म्हणून आपल्याकडे या रेषांकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही, परंतु ऑक्टोबर २०२० मधला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

संभाजी तलावाजवळच्या सदनिकेकडे मी पुन्हा गेले ती मे महिन्यात, आणि मुद्दाम संध्याकाळी पाच वाजता. कर्जाच्या तपासणीसाठी जागा पाहायला जाताना आम्ही वेळ नेहमी स्वतः निवडत असू, ही जुनी सवय उशिरा का होईना कामाला आली. तलाव त्या सदनिकेच्या पश्चिमेला होता. सकाळी दहा वाजता जे दृश्य मन शांत करत होते, तेच दृश्य मेमधल्या संध्याकाळी डोळ्यांत घुसत होते, कारण मावळतीचे ऊन एकदा आकाशातून आणि एकदा पाण्यावरून परावर्तित होऊन त्या छतापासून जमिनीपर्यंतच्या काचेवर येत होते. खोलीत दहा मिनिटे उभे राहणे अवघड झाले. पाणी आटून काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, जलपर्णीचा कुजका वास वर येत होता आणि दिवेलागणीला डासांचे ढग उठले. जाहिरातीतले छायाचित्र कोणत्या महिन्यातले होते, हे विचारण्याची गरज उरली नाही.

यापेक्षाही मोठा प्रश्न इमारत आणि तलाव यांच्यामध्ये पडलेल्या मोकळ्या जागेचा होता. ती जागा उद्यानाची असावी, असे आम्हाला पाहताक्षणी वाटले होते आणि कोणी तो गैरसमज दूर केला नव्हता. महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखडा पाहिल्यावर समजले की ती खासगी मालकीची असून निवासी विभागात मोडते. उद्या तिथे सात मजले उभे राहिले, तर आमच्या तलावाच्या जागी दुसऱ्या कोणाचे तरी स्नानगृह दिसेल, आणि त्याविरुद्ध आम्हाला काहीही करता येणार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार उजेड आणि हवा यांचा हक्क २० वर्षांच्या अखंड उपभोगानंतर मिळू शकतो; देखाव्याचा हक्क मात्र असा मिळत नाही. बांधकाम कंपनीने साठेखताचा, म्हणजे विक्रीच्या करारनाम्याचा, जो मसुदा दिला, त्यात 'तलाव' हा शब्द एकदाही आला नव्हता. माहितीपत्रकात तो अकरा वेळा होता. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून नुकसान झाल्यास भरपाई मागण्याची तरतूद घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, हे खरे. पण आज तलाव दिसतो हे विधान खोटे नाही, आणि उद्याविषयी त्यांनी काही लिहूनच दिलेले नाही.

दृश्याची किंमत मात्र काटेकोरपणे लावलेली होती. तलावाकडे तोंड असलेल्या सदनिकेचा दर मागच्या बाजूच्या सदनिकेपेक्षा चौरस फुटाला साडेचारशे रुपयांनी जास्त होता. त्यातही ज्या गॅलरीत उभे राहून तलाव पाहायचा, ती कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात येत नाही. आतल्या भिंती त्यात मोजल्या जातात. बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि गच्ची मोजली जात नाही. दरपत्रकात गॅलरी मिळवून काढलेला आकडा मोठ्या अक्षरांत होता आणि चटई क्षेत्र तळटिपेत.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्या मते घराचा खरा निकाल तिथेच लागला. इमारतीत २४ सदनिका होत्या. घरटी चार माणसे धरली तर ९६ माणसे होतात. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात, म्हणजे इमारतीची रोजची गरज सुमारे १३ हजार लिटर. पाणी पाचव्या दिवशी येत असेल, तर एका पाळीला साधारण ६५ हजार लिटर साठवावे लागेल. त्यांच्या जमिनीखालच्या हौदाची क्षमता मंजूर नकाशात ३० हजार लिटर होती. म्हणजे महापालिकेचे पाणी हौदभर मिळाले तरी तिसऱ्या दिवसाच्या सकाळी हौद कोरडा, आणि पुढचे अडीच-पावणेतीन दिवस बोअर किंवा टँकर. बोअरच्या पाण्याला मे महिन्यात किती धार असेल, आणि त्या क्षाराने गिझर व नळांच्या तोट्या किती दिवस टिकतील, हे प्रत्येकाने शेजाऱ्यांना विचारून ठरवावे. हा हिशेब मी एका कागदावर मांडून विक्री कार्यालयात ठेवला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी अतिशय नम्रपणे सांगितले की असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. माझा त्यावर विश्वास बसला, आणि तीच गोष्ट मला जास्त लागली. विजापूर रस्त्यावर शेकडो कुटुंबांनी आयुष्यभराची बचत घालून घरे घेतली, फरशीचा रंग आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा दगड यांवर आठ-आठ दिवस खल केला, पण हौदाची लांबी-रुंदी विचारली नाही. मीही विचारली नसती. ती सुचली सासूबाईंच्या प्रश्नामुळे.

पैशांविषयीचे बोलणे तिथेच तुटले. साठेखताची नोंदणी न करता केवळ वाटपपत्रावर २५ टक्के रक्कम भरावी, असा त्यांचा आग्रह होता. नोंदणीकृत करारनाम्याविना १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेराचे कलम १३ मनाई करते, असे मी म्हणाले, तेव्हा "मॅडम, सगळे असेच भरतात" हे उत्तर मिळाले. आम्ही चहा संपवला आणि निघालो.

पावसाळ्यात आम्ही त्याच परिसरात, तलावापासून दोन गल्ल्या मागे, पूर्ण झालेल्या एका बारा सदनिकांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे घर घेतले. पायाविषयी माझ्या धाकट्या दिरांनी, जे स्थापत्य अभियंता आहेत, नीट चौकशी केली. तळ्याजवळची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया मुरुमापर्यंत गेला आहे की नाही हे रंग पाहण्याआधी पाहावे, असे त्यांचे म्हणणे. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते का, हे त्यांनी ऐन ऑगस्टमध्ये टॉर्च लावून पाहिले. वॉचमन त्यांना अजून 'खड्डेवाले साहेब' म्हणतो.

इमारत राहण्यास योग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र हातात असल्यामुळे जीएसटी लागला नाही. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतल्याने स्त्री खरेदीदारांना १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी मुद्रांक शुल्कातील एक टक्क्याची सवलत मिळाली. पुरुषाचे नाव जोडले असते तर ती मिळाली नसती. नोंदणी कार्यालयात ह्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि आपण आता भाडेकरू झालो, असे लिपिकाला ऐकवले. कर्जाबाबत एक गोष्ट आवर्जून नोंदवते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के आणि त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के ही मर्यादा असते, पण त्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणी शुल्क सहसा धरले जात नाही. ही रक्कम स्वतंत्रपणे हाताशी हवी. हे वाक्य मी बँकेत हजारदा उच्चारले असेल, आणि तरीही ऐन वेळी मला एक मुदतठेव मोडावी लागली.

नव्या घराच्या एकाही खिडकीतून तलाव दिसत नाही. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढले तर त्याची एक चकचकीत कड दिसते. संध्याकाळी मी काठापर्यंत चालत जाते. बगळे आणि जांभळ्या पाणकोंबड्या पाहायला चौरस फुटाला साडेचारशे रुपये पडत नाहीत. सोसायटीची नोंदणी झाली आहे, पण जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे आणि अभिहस्तांतरणाविषयीच्या, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून देण्याविषयीच्या, आमच्या दोन पत्रांना उत्तर आलेले नाही. महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने टाळले तरी शासकीय अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याचा, मार्ग खुला केला आहे, त्याची कागदपत्रे जमवण्याचे काम सोसायटीने, अपेक्षेप्रमाणे, माझ्याकडे दिले आहे.

हौद ३५ हजार लिटरचा आहे, आणि बारा घरांना पाच दिवस पुरतो. नळाला अष्टौप्रहर पाणी असते. तरीही ज्या दिवशी महापालिकेचे पाणी सुटते, त्या पहाटे सासूबाई उठतात, स्वयंपाकघरातील दिवा लावतात आणि तांब्याची कळशी व दोन घागरी भरून ठेवतात. हौदातले पाणी चार दिवसांचे शिळे असते, असे त्यांचे म्हणणे आहे.