एकोणतीस शेंगदाणे

आज सकाळी पोरांसाठी पोहे केले. थोरला दुसरीत आहे. पोह्यांतले शेंगदाणे आधी वेचून ताटलीच्या कडेला ओळीने लावायचे आणि मगच खायला सुरुवात, ही त्याची शिस्त. मोजता मोजता अठ्ठावीसवर अडला.

"बाबा, पुढे एकोणतीस कशाला? तीस अजून आलेच नाहीत, तर त्यांचं नाव आधीच का घ्यायचं?"

माझ्या हातातला कालथा तसाच राहिला. सांगितलं, बाळा, एकोण म्हणजे एक उणा. तिसाला एक कमी ते एकोणतीस. एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळे त्याच घराण्यातले.

पण तेवढ्यावर गप्प बसेल तर तो आमचा थोरला कसला! "मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही?"

खरंच की! एकोणनव्वदपर्यंत गाडी सरळ येते आणि नव्याण्णवला रूळ बदलते. इतकी वर्षं अंक म्हणतोय, मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. इतका आनंद झाला म्हणून सांगू! 2019 साली दुसरीच्या गणितात एकवीसचं 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. सोपं असेलही ते, पण मला आपलं एकोणतीसच प्रिय. असे प्रश्न त्यातूनच येतात.

एव्हाना त्याने तिसावा दाणा लावला होता. धाकटी खुर्चीवरून वाकली, चिमुकल्या बोटांनी तोच नेमका उचलला आणि तोंडात टाकला. मला वाटलं, आता भोकाड. तर हा टाळ्या पिटत ओरडला,

"बाबा, बघ! तिने एकोणतीस केले!"