कुणकेश्वरला घड्याळ लावून मोजलेल्या लाटा

आम्ही पंचगंगेत पोहायला शिकलेली माणसं. पुरात शिवाजी पुलावरनं उड्या टाकणारी पोरं बघत वाढलेला कोल्हापूरकर समुद्रालाही जरा मोठा रंकाळाच समजतो. मीही समजायचो. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर स्पर्धेत पोहून आलो, तेव्हा तर समजूत पक्कीच झाली. पाणी कसं, परातीत ओतल्यागत.

मग मे महिन्यात फोंडा घाटानं कुणकेश्वर. सकाळचे सात, वारा साफ पडलेला, माडाची झावळी हलत नव्हती. आणि लाटा छातीएवढ्या! वाळूत बसून घड्याळ लावलं. एक फुटली की दुसरीला १३ सेकंद, मग १४, पुन्हा १४. दुपारी खारा वारा सुटल्यावर परत मोजलं, तर मध्येमध्ये पाच-सहा सेकंदांच्या बारक्या, विस्कटलेल्या लाटा घुसलेल्या.

बारक्या तिथल्याच वाऱ्याच्या. १४ सेकंदवाल्या मात्र परमुलखातल्या. आपल्याकडं उन्हानं जीव जातो तेव्हा पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या अलीकडं, वादळं घोंघावत असतात. तिथली लाट दिवसाला हजारेक किलोमीटर कापत आठवड्याभरानं इकडं पोचते. केरळात अशा लाटांच्या उधाणाला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. नाव अगदी चपखल. जूनपासनं गोष्टच वेगळी, तेव्हा मोसमी वारा स्वतःच दर्या उचलतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती काय उगीच नाही.

संध्याकाळी मुद्दाम चिवल्याला गेलो. तीच लाट, तोच दिवस, पण गुडघ्याएवढी. मालवणसमोर पाण्यात खडकच खडक, सिंधुदुर्ग उभा आहे ते कुरटे बेटही त्यातच. लाटेचा जोर तिथंच निम्मा जिरतो. कुणकेश्वरला असलं आडवं काही नाही.

सकाळचं एक राहिलंच. कुणकेश्वरला दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये एक सपाट, गप्प पट्टा दिसला. मी तिथंच उतरायला निघालो. जाळं सोडवत बसलेले एक आजोबा मानही वर न करता म्हणाले, "थंय उतरू नकात. पाणी भायर ओढता."

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी असल्याच वाटेनं परत जातं, म्हणून तिथं फेस नसतो. खरं सांगतो, पटलं नव्हतं. शेजारी पडलेली शहाळ्याची करवंटी त्या पट्ट्यात भिरकावली. चपला पायात सरकवून मान वर केली, तर ती फुटणाऱ्या लाटांच्या पार पलीकडं डुलत होती.