पितृपक्षातील मैफल

सांगलीत महापूर आला की मिरजेत माणसे येतात. कृष्णाघाट आणि ढवळीचा भाग सोडला तर मिरज उंचावर वसलेली आहे. त्यामुळे ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांचीही मजल मागे टाकली, तेव्हासुद्धा आमच्या शनिवार पेठेतले रस्ते शाबूत होते आणि घरे मात्र पाहुण्यांनी भरलेली होती. गावभाग, मारुती चौक, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांतील कुटुंबे कोणी शाळेत, कोणी मंगल कार्यालयात, कोणी मामा-मावशीकडे मुक्कामाला आली होती. बातम्यांत त्यांना पूरग्रस्त म्हटले जात होते. आमच्या दृष्टीने ती गणपतीआधी हमखास भेटणारी मंडळी होती, ज्यांच्याकडे कपडे शिवायला टाकायचे, ज्यांच्याकडून पेटी-तबल्याची शिकवणी घ्यायची. त्यांच्यासाठी आम्ही काही जणांनी सप्टेंबरमध्ये गाण्याचा मदतनिधी कार्यक्रम केला. दुसऱ्या गावात कोणी असा घाट घालत असेल तर उपयोगी पडावे म्हणून त्याची हकिगत जरा तपशिलात लिहीत आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत सांगलीला मदतीची उणीव नव्हती. खेड्यापाड्यांतून भाकऱ्यांचे गठ्ठे येत होते, लांबलांबच्या जिल्ह्यांतून पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे आणि कपडे भरलेले ट्रक येत होते. (फाटके कपडे पाठवणाऱ्या दात्यांविषयी कधीतरी स्वतंत्र लिहावे लागेल.) शहरी भागातील बाधित कुटुंबाला पंधरा हजारांचे सानुग्रह अनुदान सरकारने जाहीर केले आणि पंचनामे सुरू झाले. परंतु पंचनामा घर आणि दुकान ओळखतो. भाडेकरूचे नाव कुठल्याच कागदावर नसते, जिन्याखाली ठेवलेली इस्त्रीची गाडी कोणत्या रकान्यात लिहायची हे तलाठ्यालाही सांगता येत नाही, आणि भजनी मंडळाची पेटी ही मालमत्ता आहे असे मंडळालाच वाटत नाही. शिवाय ट्रक यायचे थांबले नेमके तेव्हा, जेव्हा शाळा सुरू झाल्या, घरमालकांनी भाडे मागितले आणि कामावर जायचे तर हत्यारे गाळात गेलेली होती. म्हणून घाई न करता उशिरा पैसे उभे करायचे आणि ते हत्यारांवर खर्च करायचे, एवढे आमच्या पहिल्याच बैठकीत ठरले.

तारीख, कलाकार आणि जागा यांच्याही आधी आम्ही यादी केली, आणि हा क्रम उलटा करू नये असे माझे ठाम मत आहे. रक्कम हातात आल्यावर यादी करायला बसले की प्रत्येकाला आपला कोणीतरी आठवतो. गल्लीत खरोखर कोण अडले आहे हे बचत गटातील बायकांना आमच्यापेक्षा पक्के माहीत होते. त्यांनी सांगितलेली नावे आम्ही घरी जाऊन पाहिली आणि प्रत्येक नावापुढे काय बुडाले आणि दुरुस्तीला किती लागेल, हे लिहिले. शिलाई यंत्राची मोटर, सुताराचे ड्रिल मशीन, रसवंतीचा चरक, बँडवाल्यांचे ढोल अशी ती यादी होती. पैसे कुटुंबाच्या हातात न देता दुकानदाराला किंवा कारागिराला परस्पर द्यायचे, असे एका गटाचे म्हणणे होते. मला ते फारसे रुचले नाही, कारण माणसाला स्वतःची गरज कळते. तरी हिशेब सोपा राहतो एवढ्यासाठी मी मान्य केले.

यादीतील वाद्ये मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आली तेव्हा मी तिथे होतो. गावभागातील एका भजनी मंडळाची पेटी कारागिराने झाकण काढून माझ्यासमोर धरली. भात्याची सरसाने चिकटवलेली कापडे सुटून लोंबत होती, पट्ट्या फुगून एकमेकींत रुतल्या होत्या आणि पितळी सुरांच्या, म्हणजे स्वर देणाऱ्या पात्यांच्या, फटींत मेंदीसारखा बारीक गाळ वाळून बसला होता. भाता दाबल्यावर सुराऐवजी थोडे पाणी आले. कारागीर चाचांनी सूर एकेक करून सोडवले, मऊ कुंचल्याने झाडले आणि फळीवर ओळीने मांडले. "पितळेला काही होत नाही, लाकडाचं बघायचं. ह्यांनी उन्हात ठेवली नाही हे नशीब, नाहीतर फळी तडकली असती," असे म्हणत त्यांनी पेटी सावलीत सरकवली. तंबोऱ्यांची गत याहून वाईट होती, कारण वाळलेला भोपळा पाणी पितो आणि सुकताना चिरतो. मजुरी नको, सामानाचे तेवढे द्या, असे गल्लीतील कारागिरांनी आपणहून सांगितले.

तारखेने मात्र डोके खाल्ले. २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, १२ला अनंत चतुर्दशी, आणि मिरजेचे विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तोवर ध्वनिक्षेपकवाला मिळणे अशक्य. नवरात्रानंतरचा विचार करावा तर विधानसभेची आचारसंहिता डोक्यावर होती (ती २१ सप्टेंबरला लागलीच), आणि आचारसंहितेत परवानग्यांचा खेळ वाढतो. उरला होता तो रविवार, १५ सप्टेंबर, म्हणजे पितृपक्ष. गाण्याचा कार्यक्रम पितृपक्षात करायचा का, यावर बैठकीत बराच खल झाला. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून माणसे गेली होती त्याला जेमतेम महिना झाला होता. आमच्यातील सर्वांत वयस्कर असलेले तबल्याचे गुरुजी म्हणाले, "अहो, गेलेल्यांची आठवण काढायचा हाच पंधरवडा आहे. गाणं काय लग्नाचं आहे का?" त्यावर विषय संपला. चातुर्मास आणि त्यात पितृपक्ष, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामेच होते. मालकांनी फक्त विजेचे आणि साफसफाईचे पैसे घेतले.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळून चालत नाही. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून निधी गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. आम्ही त्याऐवजी एका नोंदणीकृत न्यासाला विनंती करून त्यांच्या पावतीपुस्तकावर आणि त्यांच्याच बँक खात्यात सगळी रक्कम घेतली. त्यामुळे देणगीदारांना ८० जी चे, म्हणजे प्राप्तिकरातील सवलतीचे, प्रमाणपत्रही मिळाले. हा व्याप कशाला, असे विचारणाऱ्यांना मी १९७१चे उदाहरण देत असे. त्या वर्षी १ ऑगस्टला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सतारवादक रविशंकर आणि बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. तिकिटांची रक्कम युनिसेफकडे लवकर पोचली, पण ध्वनिमुद्रिकेतून आलेले कितीतरी मोठे उत्पन्न करमाफीची तजवीज आधी न केल्यामुळे अनेक वर्षे अडकून पडले. एवढ्या मोठ्या माणसांचे असे झाले, तिथे आपली काय कथा!

प्रवेशिका पाचशे रुपयांच्या आतच ठेवली, कारण तेवढ्यापर्यंत संगीत कार्यक्रमाला जीएसटी लागत नाही. ती खपवणे हे खरे काम होते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर मिरजेतल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि दरवर्षी उरुसात चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे कलावंत हजेरी लावून जातात. पिढ्यान्‌पिढ्या असे गाणे उघड्यावर, विनाशुल्क ऐकलेल्या गावाला तिकीट काढायला सांगणे म्हणजे थोडा उद्धटपणाच. "पास आहे का?" हा प्रश्न मी इतक्यांकडून ऐकला की शेवटी आम्ही दारावरच लिहून टाकले: आजच्या कार्यक्रमाला पास नाहीत, गाणाऱ्यांच्या घरच्यांनीही प्रवेशिका काढल्या आहेत. ते अक्षरशः खरे होते. निवडणुकीच्या तोंडावर दोन-तीन इच्छुकांनी फलकाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. त्यांना आम्ही पहिल्या रांगेच्या प्रवेशिका विकल्या आणि मंचावर कोणीही बोलणार नाही हे नम्रपणे सांगितले.

मानधनाविषयी आमच्यात मतभेद झाले. मुख्य गायिकेने आणि बासरीवादकांनी एक रुपया घेणार नाही असे सांगितल्यावर, साथीदारांनीही तसेच करावे असे काहींना वाटले. मी त्याला कडाडून विरोध केला. त्या वर्षी मंडळांनी पुरामुळे गणपतीतील कार्यक्रम रद्द करून वर्गणी मदतीला दिली होती. ते योग्यच होते, पण त्यात ज्याची वर्षाची कमाई बुडाली तो तबलजी आणि तो पेटीवाला यांच्या घरातही पाणी शिरले होते. पूरग्रस्ताकडून पूरग्रस्तांसाठी फुकट काम करून घ्यायचे, हे मला पटेना. अखेर साथीदारांना पूर्ण बिदागी द्यायची आणि ती निधीतून न काढता आयोजकांनी खिशातून भरायची, असे ठरले.

आणखी एका गोष्टीवर मात्र कोणाचेच दुमत नव्हते: ज्यांना मदत करायची त्यांना मंचावर बोलवायचे नाही. मोठ्या पुठ्ठ्याचा धनादेश नको, फोटो नको, नावांची घोषणा नको. सोमवारी सकाळी त्याच माणसाकडे आपण विजार आखूड करायला जाणार असतो. यादीतील अनेक जण त्या संध्याकाळी श्रोत्यांत बसले होते. कोणी प्रवेशिका काढून आले होते आणि शेजारच्या खुर्चीवरील माणसाला त्यांची ओळख पटण्याचे कारण नव्हते.

कार्यक्रम चांगला झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. मारव्याने सुरुवात झाली, मध्यंतराआधी नाट्यगीते झाली, मध्यंतरानंतर दोन कव्वाल बंधूंनी सभागृह हलवून सोडले, आणि रात्री दहाची मर्यादा असल्यामुळे भैरवी जरा आटोपशीर घ्यावी लागली. दुरुस्त झालेली ती पेटी भजनासाठी मंचावर आली होती. मधल्या सप्तकातील एक पट्टी अजून अडकत होती, आणि वाजवणारे बुवा ती चुकवून शिताफीने पुढे जात होते.

पंधरा दिवसांत जमाखर्च लिहून न्यासाच्या आणि वाचनालयाच्या फलकावर लावला. त्यात चहाचे, फुलांचे आणि छपाईचे आकडे होते. मदत घेणाऱ्यांची नावे नव्हती, फक्त वस्तू आणि रक्कम होती. एका गृहस्थांनी फुलांच्या खर्चावर आक्षेप घेतला. तो बरोबर होता असे मला वाटते, पण पितृपक्षात फुले स्वस्त मिळाली, हेही त्यांना सांगून पाहिले. थोडी रक्कम उरली, ती ढवळीतील मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी गेली.

जुलै २०२१मध्ये आयर्विनजवळ पाणी पुन्हा पन्नास फुटांपलीकडे गेले. करोनामुळे सभागृहे बंद होती आणि मैफलीचा प्रश्नच नव्हता. तेव्हा आम्ही जुनी वही काढली आणि बचत गटातील त्याच बायकांना फोन केले. निम्मी नावे तीच निघाली. या खेपेस शिलाई यंत्रे पाणी चढण्याआधीच वरच्या मजल्यावर गेली होती. इस्त्रीची गाडी मात्र पुन्हा जिन्याखालीच सापडली.